रामलिंगच्या फाट्यावर ऐकलेला शब्द

काळजी करण्यात माझा हात धरेल असं माणूस अख्ख्या शुक्रवार पेठेत सापडायचं नाही. घरातलं कुणी बाहेर पडलं की ते परत येईस्तोवर माझ्या मनात त्याचे चार अपघात होऊन गेलेले असतात. पूर्वी घरचे मला यावरून चिडवायचे आणि मीही त्यांच्यात सामील होऊन हसायचे. दोन वर्षांपूर्वी आमच्या यांना दुकानात गिऱ्हाइकापुढे कापड फाडता फाडता छातीत कळ आली, तेव्हापासून ते हसणं बंद झालं. दवाखान्यात स्टेंट बसला, हे घरी आले. येणारा जाणारा म्हणायचा, सिद्धरामेश्वरानं राखलं बघा. मीही तोंडानं हो म्हणायचे. मनात मात्र वेगळंच चाललेलं असायचं. राखणारा तोच असेल तर आधी पाडलं कशाला, आणि पुढच्या वेळी त्याचं लक्ष दुसरीकडे असलं तर काय करायचं? सोमवारी देवळात जाऊन हात जोडायचे तेव्हा माझी प्रार्थना भक्ताची नसायची, पहारेकऱ्याला पुन्हा पुन्हा हटकावं तशी असायची. जागा आहेस ना रे बाबा, एवढंच मी विचारत होते.

डॉक्टरांनी यांना चालायला सांगितलं होतं, पण चालण्याचा यांना मनापासून कंटाळा. त्याऐवजी यांनी सायकल काढली. पहाटे निघणाऱ्या एका सायकलवाल्यांच्या टोळक्यात हे जाऊ लागले, आणि वर्षभरात विजापूर रोड, होटगी रोड मागे टाकून गोष्टी घाटांच्या निघू लागल्या. सगळ्या तपासण्या करून डॉक्टर म्हणाले, सावकाश जा, दम लागला की थांबा, आणि कुणालातरी सोबत ठेवा. मी त्यातला ‘सोबत’ तेवढा धरला. जन्मात साडीशिवाय काही न नेसलेली मी पन्नाशीत सलवार घालून, डोक्यावर हेल्मेट चढवून सायकल शिकले. सासूबाई, म्हणजे आमच्या अव्वा, ओसरीत बसून म्हणाल्या, “नवऱ्याच्या मागं पळायचं वय हाय का हे तुझं?” मी म्हटलं, “अव्वा, पळत नाही, राखण करते.” आणि ते खरंच होतं. हे पुढे आणि मी मागे, अशी आमची रीत पडली. जिभेखाली ठेवायच्या गोळ्या माझ्या कमरेच्या पिशवीत असायच्या. त्या यांच्या खिशात दिल्या तर हे धुण्यात घालतील अशी माझी खात्री. चढावर पायाच्या लयीत मी ‘ओम नमः शिवाय’ म्हणायचे, पण तोंडात शिव आणि डोळ्यांत यांची पाठ. ती पाठ जरा जास्त वाकली, खांदे जरा जास्त हलले, की माझा जप तिथेच तुटायचा.

कोजागिरी नुकतीच होऊन गेली होती. आम्ही सायकली गाडीला बांधून बार्शीला माझ्या नणंदेकडे मुक्कामाला गेलो आणि सकाळी उजाडताच येडशीच्या बाजूला निघालो. वाटेत रामलिंगच्या दरीचा फाटा लागतो. दरीत खाली महादेवाचं जुनं देऊळ आहे, नदी त्याला वळसा घालून जाते. फाट्यावर थांबायचं, मग दोघांनी मिळून खाली दर्शनाला जायचं, असं ठरलं होतं. पाऊस होऊन गेलेला, त्यामुळे डोंगर अजून हिरवे होते, दोन्ही अंगांनी कडे जवळ आले होते आणि रस्त्यावर आमच्याशिवाय फारसं कुणी नव्हतं. अशी शांतता लोकांना आवडते म्हणतात. मला ती कधीच आवडली नाही. गर्दीत निदान हाक मारली तर कुणी येईल, असं वाटतं.

चढ सुरू झाला आणि घाईत गिअर टाकताना माझी चेन उतरली. मी “अहो, थांबा” म्हणून ओरडले, पण वारा समोरून येत होता, यांना ऐकू गेलं नाही. पाहता पाहता यांची पाठ वळणाआड गेली. चेन बसवायला एरवी मला वेळ लागत नाही, पण त्या दिवशी चेन दातांवर बसेचना. वंगणानं हात काळे झाले. एकीकडे मी स्वतःला समजावत होते की फाटा काही लांब नाही, हे तिथे थांबलेले असतील. दुसरीकडे कमरेची पिशवी मला टोचत होती. जोडीनं सायकलवर निघायला लागल्यापासून पहिल्यांदाच हे एकीकडे आणि गोळ्या दुसरीकडे, असं झालं होतं. त्यातही पिशवीत दोनच गोळ्या होत्या, नवं पाकीट बार्शीला माझ्या पर्समध्ये राहिलेलं. एवढं कशाला लागतंय, एका सकाळचा तर प्रश्न, असं मीच म्हटलं होतं. मी, जी चार जणांच्या प्रवासाला आठ जणांचं बांधून घेते.

फाट्यावर हे नव्हते. फोनला रेंज नव्हती. तिथून एक रस्ता खाली दरीत देवळाकडे उतरतो आणि एक जुना, अरुंद रस्ता वर डोंगराच्या माथ्याकडे जातो. वर यांचं काहीच काम नव्हतं, म्हणजे हे वाट बघून कंटाळून खाली गेले असणार, असा मी हिशेब केला. तरी जाण्याआधी कठड्याशी जाऊन दरीत डोकावले. सायकल पडलेली दिसते का, म्हणून. असं करताना माझी मलाच शिसारी आली, पण डोळे ऐकत नव्हते. मग उतरून देवळाच्या पायऱ्यांपर्यंत गेले. तिथे बेलफुलं विकणाऱ्या बाईंना विचारलं, सायकलवर कुणी आले का. त्या म्हणाल्या, “न्हाय की ओ ताई. सकाळधरनं हितं एक बी सायकल न्हाय आली.” देव पन्नास पावलांवर होता आणि मी पाठ फिरवली. दर्शन घेण्याइतकंही मन जाग्यावर नव्हतं. तोच चढ पुन्हा चढताना श्वास छातीत मावत नव्हता आणि तोंडातून जपाऐवजी सौदे बाहेर पडत होते. अकरा सोमवार करीन, भात सोडीन, सायकल विकून टाकीन, यांना उंबऱ्याबाहेर पाठवणार नाही. आपण कुणाशी काय बोलतोय याचं भान नव्हतं.

पुन्हा फाट्यावर आले तेव्हा एक माणूस तिथे शेरडं चारत होता. माझा अवतार पाहून तो आधी चपापला. मग म्हणाला, “कुनाला हुडकताय, ताई?” मी यांचं वर्णन सांगितलं. “म्या आत्ताच आलो की. मला न्हाय दिसलं कुनी,” तो म्हणाला. एवढ्यात वरच्या रस्त्यावरून एक म्हातारी बाई धावत खाली आली. धावत कसली, अडखळत, घसरत. इरकली लुगडं, कपाळावर भस्माचे पट्टे, एक चप्पल पायात आणि एक हातात. तुळजापूर करून परतणारी कर्नाटकातली मंडळी त्या दिवसांत या भागात पुष्कळ दिसतात, त्यांपैकीच ती असावी. माझं हेल्मेट दिसताच ती थेट माझ्याकडे आली. तिला बोलायला दम पुरत नव्हता. एक हात स्वतःच्या छातीवर ठेवून ती कन्नडमध्ये भराभर काहीतरी बोलली, आणि त्या सगळ्या बोलण्यातले दोनच शब्द माझ्या कानात शिरले. यजमानरु. मेले.

आमच्याकडेही नवऱ्याला यजमानच म्हणतात. माझा हात सायकलवरून सुटला. सायकल आडवी पडल्याचा आवाज झाला, तो लांबून आल्यासारखा वाटला. शेरडंवाला पुढे आला. “काय म्हणत्यात ह्या? यजमान मेले म्हणत्यात का काय?” आणि मग माझ्या तोंडाकडे पाहून तो एकदम नरम झाला. “ताई, खाली बसा. बसा हितं. कुनाचं यजमान? तुमचंच व्हय?” मी रस्त्याच्या कडेला मातीत बसले. ती बाई अजून बोलतच होती, छातीवर हात आपटत होती.

अव्वांच्या घरात अठ्ठावीस वर्षं काढलेल्या बाईला हा शब्द कळू नये, हे वाचणाऱ्याला नवल वाटेल. माझं माहेर माढ्याचं, तिथे कन्नडचा गंध नाही. सासरी मात्र घरात निम्मं कन्नड, निम्मं मराठी. मला बोलता येत नाही, पण रोजचं कळतं. हा तर अगदी रोजचा शब्द. तरीही त्या क्षणी मला तो माढ्याच्याच भाषेत ऐकू आला. माणूस घाबरलं की त्याला फक्त आईची भाषा कळत असावी. शिवाय दोन वर्षं मी ज्या वाक्याची वाट पाहत होते, तेच कुणीतरी येऊन सांगत होतं, मग अर्थ तपासायचं कारणच काय होतं?

त्यानंतरचा जो थोडा वेळ गेला, तो सांगण्यासाठीच मी हे लिहायला बसले आहे. मला वाटायचं, असं काही झालं तर मी ऊर बडवीन, देवाला शिव्या घालीन. तसं काहीच झालं नाही. आत सगळं थांबलं. सौदे थांबले, जप थांबला, पहारा थांबला. राखायला काही उरलंच नव्हतं. मग त्या रिकाम्या जागेतून एकच वाक्य वर आलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी महादेवाशी इतकं सरळ बोलले असेन. मी म्हटलं, “त्यांच्याजवळ कुणी होतं का रे?” ते जिवंत असावेत हे मागायचं मला सुचलंही नाही. शेवटच्या घटकेला ते एकटे नसावेत, कुणीतरी हात धरलेला असावा, एवढंच हवं होतं. दोन वर्षं मी ज्याला भीत होते ते मरण नव्हतंच. मी नसताना त्यांना काही होईल आणि जवळ कुणी नसेल, ही ती भीती होती. मातीत बसून मला ती पहिल्यांदा स्पष्ट दिसली. आणि ती दिसताच मी हात टेकले. म्हटलं, मी नव्हते तिथे. तू असशील तर असशील.

ती बाई माझ्यासमोर वाकली आणि तिनं माझं मनगट पकडलं. मला वाटलं ती माझ्या गळ्यात पडून रडणार. पण ती रडत नव्हती, ती ओढत होती. “लगू बर्री, लगू बर्री,” म्हणजे लवकर चला. दुसऱ्या हातानं तिनं माझ्या कमरेच्या पिशवीवर थोपटलं आणि म्हणाली, “गुळगी.” अव्वा रोज रात्री रक्तदाबाची गुळगी मागतात, गुळगी म्हणजे गोळी. मेलेल्या माणसाला गोळी कुणी मागत नाही. मी मान वर केली. तिचा हात डोंगराच्या माथ्याकडे होता. “म्याले,” ती पुन्हा म्हणाली, आणि या वेळी तो शब्द मला अव्वांच्या आवाजात ऐकू आला. फळीवर डबा ठेव म्हणताना, माळ्यावर पातेलं चढव म्हणताना त्या रोज हेच म्हणतात. म्याले म्हणजे वर. यजमान वर आहेत!

मी कशी उठले आठवत नाही. शेरडंवाल्यानं सायकल उभी करून हातात दिली. “वर आहेत म्हणतात त्या, वर!” असं मी त्याला सांगितलं, तर तो बिचारा आणखीच घाबरला. ‘वर’ म्हटल्यावर त्यानं आधी आभाळाकडेच पाहिलं. मी टांग टाकली. एवढा उभा चढ मी जन्मात चढले नव्हते आणि पुन्हा चढणार नाही. पेडलवर उभी राहून, हँडल डावी-उजवीकडे झुलवत, त्या बाईला मागे टाकून मी दोन वळणं वर गेले. भीती संपली नव्हती. वर आहेत म्हणजे कशा अवस्थेत आहेत, हे मला माहीत नव्हतं. छातीवरचा तिचा हात डोळ्यांपुढून हलत नव्हता.

दुसऱ्या वळणावर झाडाखाली हे बसले होते. धडधाकट. यांच्या मांडीवर एका म्हाताऱ्या गृहस्थांचं डोकं होतं. घामानं त्यांचा सदरा भिजला होता, आणि त्यांनी यांचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. मला पाहून हे म्हणाले, “आलीस? गोळी काढ.” जणू मी स्वयंपाकघरातून पाणी घेऊन आले होते. यांना मिठी मारावी की चार शब्द सुनवावेत, ते कळेना. मी पिशवीतून पाकीट काढून दाखवलं. यांनी कन्नडमध्ये विचारलं तसं त्या आजोबांनी मान हलवली. तेही हृदयाचे जुने रुग्ण होते, त्यांचीही गोळी हीच होती. त्यांची पिशवी जीपमध्ये होती, आणि जीप या दोघांना डोंगरावर देवाला उतरवून चाक बदलायला गेली होती. पहिल्या गोळीनं उतार पडला नाही. थोडं थांबून दुसरी दिली. मग हळूहळू त्यांचा श्वास संथ झाला, तोंडावर रंग आला. तोवर म्हातारी वर पोचली होती आणि पदरानं त्यांना वारा घालत होती.

फाट्यावर माझी वाट पाहताना यांना वरून कन्नडमधली हाक ऐकू आली होती. दुसऱ्या कुणाला त्यात फक्त आरडाओरडा ऐकू आला असता. यांना शब्द कळले आणि हे वर गेले. खाली येऊन मला गाठायचा यांनी विचार केला होता, पण आजोबांनी धरलेला हात सोडला नाही. “त्यांना सोडून कसा येणार?” हे म्हणाले. “शेवटी आजीबाईंनाच पाठवलं. म्हटलं, डोक्यावर टोपी घातलेली माझी बायको खाली असेल, तिच्या कमरेच्या पिशवीत गोळ्या आहेत, यजमान वर आहेत म्हणून सांगा.” मग मी काय ऐकलं ते यांना सांगितलं. हे आधी हसले, आणि माझं तोंड पाहून यांनी हसू आवरलं.

जीप आली. आजोबांना आत निजवून थेट बार्शीच्या दवाखान्याकडे न्यायचं ठरलं. निघताना म्हातारीनं कनवटीची भस्माची पुडी काढली, माझ्या कपाळाला भस्म लावलं आणि माझ्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलाशी बोटं मोडली. ती काय म्हणाली ते यांनी मला सांगितलं. “त्या म्हणतात, मी खाली धावत होते तेव्हा शिवाला एवढंच म्हणत होते, की मी येईपर्यंत त्यांच्याजवळ कुणीतरी असू दे.” मी त्या बाईकडे पाहतच राहिले. मला कन्नड येत नाही हे तिला एव्हाना कळलं होतं. मी तिचे हात हातात घेतले, आणि आम्ही दोघी रडलो.

जीप गेली आणि वर आम्ही दोघंच उरलो. पिशवी रिकामी होती. खाली दूरवर बार्शीचा रस्ता दिसत होता, आणि तिथवर सगळा उतार. मी नेहमीप्रमाणे हे पुढे होतील म्हणून थांबले. हे म्हणाले, “आज तू पुढं हो. मघाशी तुझी हाक मला ऐकूच आली नाही. आता मी मागं राहतो.” मी नको म्हणणार होते. मग म्हटलं, ठीक आहे. सायकलवाल्यांना ठाऊक असतं, घाटाच्या उतारावर मागे वळून पाहता येत नाही. खांद्यावरून मान वळवली की हँडल त्याच बाजूला जातं, आणि एका बाजूला दरी असते. नजर समोरच्या वळणावर ठेवावी लागते, बोटं ब्रेकवर. वारा कानात असा भरतो की मागची सायकल ऐकूही येत नाही. मी उतरत राहिले. दुसऱ्या वळणावर मान आपोआप वळायला लागली, ती मी आवरली. मागे हे होते की नव्हते, मला माहीत नव्हतं. गोळी नव्हती, फोन चालत नव्हता, यांची पाठ नव्हती. मी म्हटलं, मी आता बघू शकत नाही, तू बघ. हे मी पाठ केलेलं म्हटलं नाही, मला दुसरा इलाजच नव्हता. आणि इतकी वर्षं देवळात जाऊन जे साधलं नव्हतं ते त्या उतारावर साधलं.

त्याला कृपा म्हणावं की योगायोग, याचा वाद मी कुणाशी घालत नाही. एका म्हाताऱ्या जिवाला गोळी वेळेवर मिळाली, आणि मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. मी विचारलं होतं, त्यांच्याजवळ कुणी होतं का? होतं. त्या आजोबांजवळ आमचे हे होते. उद्या यांच्यावर वेळ आली तर कदाचित मी नसेन, पण कुणीतरी असेल. ते कोण, कुठल्या गावचं, कुठल्या भाषेतलं, हे ठरवणं माझ्याकडे नाही. माझा स्वभाव काही बदलला नाही. आजही हे बाहेर पडले की माझ्या मनात अपघात होतातच. मग मी ते ज्याचे त्याच्याकडे देते आणि भाजी चिरायला घेते.

त्या दिवशी उतार संपला, रस्ता सपाट झाला, मी ब्रेक दाबून एक पाय जमिनीवर टेकवला. मागे पाहिलं नाही. हात जोडून, डोळे मिटून तशीच उभी राहिले. थोड्या वेळानं एक सायकल शेजारी येऊन थांबली, आणि एक ओळखीचा आवाज म्हणाला, “काय गं, किती जोरात आलीस!”